सिंगापूरला का गेला नाहीत?

परवा तुमची शोकसभा झाली. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग एकेक माणूस उठून बोलायला लागला. तुमच्या खात्यातले लोक, माझ्या शाळेतले शिक्षक, गल्लीतले दोघेचौघे. सगळे पाण्याबद्दलच बोलले. साहेबांनी अमक्या गावाला पाणी नेलं, तमक्या तांड्यावरचा टँकर कधी चुकू दिला नाही. टँकरवाले रहीमभाई आले होते. त्यांचा पाय आता उचलत नाही, नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून आले. माईकसमोर उभे राहिले. "साहेबानं माझी भाकर वाचवली," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

ऐकताना ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. पण त्याच वेळी कोंडल्यासारखंही झालं. इतक्या भाषणांत एकानंही म्हटलं नाही की हा माणूस जहाजं काढायचा. कागदावर काढायचा आणि मग ती खरोखर पाण्यात उतरायची. ते म्हणणार तरी कसे? त्यांना ठाऊकच नव्हतं. तुम्ही या लातुरात म्हातारे झालात, पण हे कुणाला कळू दिलं नाहीत. मी पाहुण्यांपुढं विशाखापट्टणमचं नाव काढलं की तुम्ही लगेच म्हणायचात, "शकू, चहाचं बघ ना जरा."

आता चहाचं बघायला सांगणारं कुणी नाही. तेव्हा मी बोलणार आहे, आणि तुम्हालाच ऐकवणार आहे.

तुमचं गाव मुखेडच्या खालच्या अंगाला. तिथल्या ओढ्याला भर पावसाळ्यातसुद्धा पोटरीच्या वर पाणी चढायचं नाही. तुम्ही पोहायला शिकलात तेही खरगपूरला, हॉस्टेलच्या पोरांनी तळ्यात ढकलून दिल्यावर. तुमचे बाबा नांदेडच्या एस.टी. डेपोत हेल्पर. ग्रीसचे हात राखेनं घासून ते तुमच्या गणिताच्या वह्या चाळायचे आणि त्यातलं काही कळत नसलं तरी मान डोलवायचे, हे तुम्हीच सांगितलेलं. खरगपूरच्या इंजिनियरिंगला नंबर लागला, शाखा मिळाली नेव्हल आर्किटेक्चर. तुम्हाला वाटलं, बंदरावरच्या इमारती बांधायला शिकवत असतील. पहिल्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर जहाजाचा आडवा छेद काढला तेव्हा कुठं उजेड पडला. लग्नानंतर हे मला सांगताना तुम्ही इतके हसलात की तुमच्या डोळ्यांना पाणी आलं. मायला मात्र शेवटपर्यंत वाटायचं की त्यांचा लेक जहाजावर खलाशी होता. "तिथं पान्यात भाकर कोन थापतंय रं?" त्या विचारायच्या, आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणायचात, "मीच थापतो, माय."

विशाखापट्टणमला आपण संसार मांडला तेव्हा मी नांदेडबाहेर फारशी पडलेली नव्हते. मोठं पाणी म्हणजे गोदावरी, एवढंच माझं जग. तुम्ही एकदा मला गोदीत नेलंत. त्या दिवशी तुमच्या ऑफिसात काढलेलं जहाज पहिल्यांदा समुद्रात सोडायचं होतं. उतारावर उभं केलेलं ते धूड बघून मला ते जहाज वाटलंच नाही. एखादी पेठ कुणी उचलून कलती ठेवावी तसं ते दिसत होतं. खालच्या लाकडांना चरबी फासलेली, तिचा उग्र वास. मग खालचे अडसर काढायला सुरुवात झाली. घणांचे आवाज, मग एकदम शांतता, आणि ते धूड हललं. सगळे ओरडत होते, टाळ्या वाजवत होते.  तुमची नजर मात्र जहाजाच्या अंगावर रंगवलेल्या खुणांवर होती, पाणी कुठवर चढतं त्यावर. माझा हात तुम्ही इतका आवळलात की बांगडी पिचली. जहाज तरंगलं, स्थिर झालं, आणि तुम्ही हळूच म्हणालात, "बरोबर आलं."

तो चेहरा मी पुन्हा फारसा पाहिला नाही.

तुमचे वरिष्ठ राव साहेब त्याच संध्याकाळी आपल्याकडं जेवायला आले होते. त्यांनी मोडक्या हिंदीत मला समजावलं की या धंद्यात तरुण पोरांची गरज असते, पण किंमत असते ती केस पिकलेल्या माणसाला. एक जहाज कागदावरून पाण्यात जायला वर्षं लागतात, आणि अशी बरीच जहाजं हातून गेली की मग माणूस डिझाइन ऑफिसचा प्रमुख व्हायच्या लायकीचा होतो. अशा जागा साऱ्या देशात मोजक्याच. "तुझा नवरा तिथं बसणार," ते म्हणाले. "फक्त त्यानं इथून हलू नये."

आणि आपण हललो. बाबांना लकवा मारला. तार आली तेव्हा प्रज्ञा माझ्या पोटात होती. तुम्ही नांदेडला गेलात, दोघांना घेऊन येतो म्हणालात. बाबांची जीभ लुळी पडली होती, पण माय बोलत होत्या. "आमी न्हाई येत तिकडं. आमचं कोन हाय तिथं? मानूस मेलं तर चार खांदे तरी मिळतील का?" तुम्ही त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच सुमारास लातूरचा नवा जिल्हा झाला होता, इंजिनियर हवेच होते, आणि तुम्हाला पाणीपुरवठ्यात जागा मिळाली. लातूर जवळचं, म्हणून दोघं आपल्याकडं राहायला आले.

"दोनच वर्षं, शकू. बाबा जरा उभे राहिले की परत," तुम्ही म्हणालात. मी भांड्यांची पेटीसुद्धा पूर्ण उघडली नव्हती त्या भरवशावर.

नवा जिल्हा म्हणजे काय गंमत होती ते आठवतं? ऑफिसं भाड्याच्या घरांत. तुमचं ऑफिस ज्या घरात होतं त्याच्या स्वयंपाकघरात टायपिस्ट बसायचा आणि ओट्यावर फायली. उस्मानाबादहून ट्रकमधून आलेल्या कपाटांच्या किल्ल्या तिकडंच राहिल्या होत्या, म्हणून ती फोडावी लागली. जिल्हा झाला म्हणून गावात गुलाल उधळला गेला होता, माणसं खुशीत होती, जमिनीचे भाव बोलत होती. मी दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये बसून होते. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या क्वार्टरची भिंत. विशाखापट्टणमला खिडकी उघडली की खारा वारा यायचा आणि मी कुरकुरायचे, कपडे चिकट होतात म्हणून. आता त्या चिकटपणासाठी जीव जायचा. तुम्हीही तसेच. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचात आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहायचात. मी विचारलं, काय बघताय, तर म्हणायचात, "काही नाही. भिंत."

मग पाऊस गेला. एका वर्षी कमी पडला, पुढच्या वर्षी त्याहून कमी. विहिरींचे तळ दिसायला लागले. तुमच्या खात्याचं काम म्हणजे टँकर. कुठून भरायचे, कुठं रिकामे करायचे, कोणत्या रस्त्यानं न्यायचे. जहाजं काढणारा माणूस सकाळी उठून ड्रायव्हरांच्या हजेऱ्या घ्यायला लागला.

रहीमभाईंचा टँकर उदगीरकडच्या एका वळणावर उलटला तो त्याच उन्हाळ्यात. त्यांचा पाय मोडला. गावातली माणसं घागरी घेऊन धावली ती आधी सांडलेल्या पाण्याकडं, मग माणसाकडं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी ठरवूनही टाकलं की ड्रायव्हर पिऊन होता. त्यांना कामावरून कमी करण्याचा कागद तयार झाला. तुम्ही दवाखान्यात गेलात. मीही होते बरोबर, त्यांच्या बायकोसाठी डबा घेऊन.

"साहेब, खुदा की कसम, घोटभर पन घेतली नव्हती," रहीमभाई म्हणाले. "मी तर हळूच येऊन राहिलो होतो. वळणावर गाडीच ओढली कुणीतरी."

"कुणी ओढली?"

"काय मालूम साहेब. आतून ओढली."

तुम्ही एकदम खुर्ची पुढं ओढलीत. "टँकर भरलेला होता का?"

"न्हाई. अर्धा मागच्या वस्तीवर उतरवून आलो होतो."

येताना रस्त्यात तुम्ही माझ्याशी भरभरून बोललात. कितीतरी दिवसांनी. जहाजाला बाहेरच्या पाण्याचं जेवढं भय असतं तेवढंच आतल्या मोकळ्या पाण्याचं असतं, म्हणालात. टाकी गच्च भरली असेल तर पाणी गुमान बसतं. अर्धी असेल तर जहाज जिकडं कलेल तिकडंच सगळं पाणी धावतं आणि त्याला आणखी खाली ढकलतं. टँकरचंही तेच झालं होतं. चौकशीत तुम्ही साहेब लोकांपुढं एक अर्धी भरलेली डबडी टेबलावर कलती करून दाखवलीत. कागद मागं घेतला गेला. एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. एमआयडीसीतल्या वेल्डिंगच्या दुकानात उभं राहून प्रत्येक टँकरच्या आत भोकं पाडलेल्या पत्र्याच्या आडव्या भिंती बसवून घेतल्यात, पाण्याला एकदम धावता येऊ नये म्हणून. त्यानंतर त्या वळणावर टँकर उलटला नाही.

मी तेव्हा खूश होते. आपला माणूस पुन्हा जागा झाला असं वाटलं. मला काय ठाऊक, की त्याच पत्र्यांनी तुम्हाला आत बंद करून टाकलं म्हणून.

कारण त्याच वर्षी राव साहेबांचा निरोप आला. जागा निघाली होती. डिझाइन ऑफिसात दोन नंबरची खुर्ची, आणि ते निवृत्त झाले की पहिली. तुम्ही अर्ज केलात, मुलाखतीला जाऊन आलात, निवड झाली. महिन्याच्या आत रुजू व्हायचं होतं. मी भांड्यांची पेटी परत भरायला घेतली. बाबा काठी धरून अंगणात चालायला लागले होते, आणि माय या खेपेला चक्क म्हणाल्या, "चला, बगू तरी तुमचा समिंदर."

फक्त इथून कार्यमुक्त व्हायचं राहिलं होतं. तुम्ही वरच्या साहेबांकडं गेलात आणि तासाभरात परत आलात. बूटसुद्धा काढले नाहीत, तसेच कॉटवर बसलात.

"सोडत नाहीत."

"म्हणजे?"

"टंचाई संपल्याशिवाय कुणालाच सोडणार नाहीत. मला तर नाहीच. म्हणाले, टँकरचं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

"मग राजीनामा द्या!"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "आणि मग?"

"आणि मग काय? तिथं नोकरी आहेच की. राजीनामा द्यायचा आणि चालू लागायचं."

"मंजूर तर व्हायला पाहिजे. टंचाईत असं सोडून गेलं तर कारवाई होते. ती मागं लागली तर गोदीवाले तरी घेतील का?"

"विचारून तर बघा."

"पाऊस पडू दे, शकू. एकदा पाऊस पडू दे."

आपलं ते भांडण पावसापर्यंत चाललं. मी सकाळी सुरू करायची, तुम्ही बाहेर पडायचात. मी संध्याकाळी सुरू करायची, दारात कुठल्यातरी गावचा सरपंच उभा असायचा. राव साहेबांनी मुदत वाढवून दिली, परत वाढवून दिली. पाऊस आला तो फार उशिरा आला. तोपर्यंत त्या खुर्चीवर दुसरा कुणी बसला होता. सगळं गाव पावसात भिजायला रस्त्यावर आलं होतं आणि आपण दोघं घरात, दार लावून. मी पेटीतली भांडी परत काढून मांडत होते, रडत.  माय मात्र आतून म्हणाल्या, "आता कशाला रडतीस? पानी आलं की."

यात तुमचा दोष नव्हता हे मी तेव्हाही मानत होते. तुम्हाला अडवलं गेलं. तुमच्यावर माझा राग होता तो वेगळाच. तुम्ही आरडाओरडा केला नाहीत. टेबलावर हात आपटला नाहीत. कुणी दार लावून घेतलं तर निदान ते ठोठावावं ना माणसानं. तुम्ही खुर्ची घेऊन दारापाशी बसून राहिलात.

पुढची वर्षं मात्र मी नुसती कुढत काढली असंही नाही. ते तुमच्यामुळं. मला बी.एड. करायला तुम्ही लावलंत. परीक्षेच्या दिवसांत सकाळी पोळ्या तुम्ही लाटायचात, नकाशातल्या देशांसारख्या, आणि प्रज्ञाच्या दोन वेण्या घालायचात. एक वेणी कानावर, एक मानेवर. मी शाळेत लागले, पुढं मुख्याध्यापिका झाले. पहिला पगार झाला त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी गंजगोलाईच्या बाजारातून निळी साडी आणलीत. समुद्रासारखी, असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "समुद्र एवढा निळा नसतो." प्रज्ञाला बादलीत वाटी तरंगवून त्यात ज्वारीचे दाणे टाकायला शिकवायचात, एका कडेला टाकले तर वाटी कशी कलते ते दाखवायला. पाण्याची एवढी मारामार, आणि बापलेक बादलीभर पाणी घेऊन बसलेले. मी ओरडायची. तुम्ही दोघं गुपचूप ते पाणी झाडाला घालायचात.

त्यानंतर मूर्तींचा फोन आला. तुमचा खरगपूरचा मित्र, आता सिंगापूरला. त्यांच्या कंपनीला तिथल्या डिझाइन ऑफिसचा प्रमुख हवा होता. तरुण पोरं भरपूर आहेत, पण ज्याच्या हातून जहाजं पाण्यात गेलीत असा माणूस मिळत नाही, असं ते म्हणाले. मुलाखत मुंबईला. तुम्ही नवा शर्ट शिवून घेतलात. बाबा तेव्हा नव्हते, माय अंथरुणाला होत्या, पण त्यांना बघायला माझी बहीण यायला तयार होती. या खेपेला कार्यमुक्तीचाही अडसर नव्हता, स्वेच्छानिवृत्ती घेता आली असती. मी स्टँडवर तुम्हाला बसमध्ये बसवून दिलं आणि घरी येऊन जगाच्या नकाशात सिंगापूर शोधलं. मला ते आधी दिसेचना, इतकं लहान.

तुम्ही परत आलात, पाय धुतलेत, आणि म्हणालात, "झालं नाही."

"का?"

"आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, शकू. आम्ही मागं पडलो."

मला तुमची इतकी दया आली. मी परत कधी तो विषय काढला नाही. तुमचं मन दुखेल म्हणून. मीच एखाद्या दुखऱ्या जागेवरून हात काढून घ्यावा तशी वागले, कितीतरी वर्षं.

प्रज्ञाच्या लग्नात मूर्ती आले. पंगत बसली होती, मी जिलेबीचं ताट घेऊन वाढत होते. ते हसत हसत हिंदीत म्हणाले, "भाभी, तुमच्यावर माझा एक जुना राग आहे. त्या वेळी तुम्ही ह्याला सोडलं असतं तर आज हा आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर बसला असता." मला कळेचना. मग त्यांनी शेजारच्या पाहुण्याला सगळी हकिकत सांगितली, माझ्यासमोर. मुलाखतीत तुमच्यापुढं एका जहाजाचा नकाशा ठेवला होता. तुम्ही तो नुसता वाचलात आणि त्यातली चूक दाखवलीत. कॉम्प्युटरनं पास केलेली चूक. त्यांचा साहेब खुर्चीतून उठून उभा राहिला. तिथल्या तिथं विचारलं, कधी येता? तुम्ही म्हणालात, घरी विचारून सांगतो. आणि नंतर फोन करून सांगितलंत, बायको तयार नाही.

मी जिलेबी वाढत राहिले. ज्याला नको होती त्यालाही वाढली.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी विचारलं. मांडवाच्या कनाती उतरवणं चाललं होतं, तुम्ही दोर गुंडाळत होतात.

"मूर्तींना काय सांगितलं होतंत?"

तुम्ही दोर गुंडाळायचं थांबला नाहीत. "काहीतरी सांगावं लागतं ना."

"माझं नाव?"

"बायकोचं नाव सांगितलं की पुढं कुणी विचारत नाही."

"मी विचारतेय. का गेला नाहीत?"

"शकू, जिलेब्या उरल्यात बघ. शेजारी देऊन ये."

तिथून पुढं आपल्या घरात ती गोष्ट आपल्याबरोबर राहायला लागली. तुम्ही निवृत्त झालात, आपण विशाखापट्टणमला जाऊन आलो. गोदीच्या फाटकापर्यंत गेलात आणि वळलात. आत ओळखीचं कोण असणार, म्हणालात. मग किनाऱ्यावर बसून लांब उभी असलेली जहाजं तुम्ही मला वाचून दाखवलीत. ते भरलेलं आहे, ते रिकामं, त्याची मागची बाजू जड झालीय. बांगडी पिचली त्या दिवशीचा चेहरा तेवढ्यापुरता परत आला होता. मी तेव्हा परत विचारलं. तुम्ही म्हणालात, "बघू दे ना जहाज." मी बघू दिलं.

मी माझ्या मनानं कारणं जुळवली. आधी वाटलं, भ्यालात. एकदा अडवलं गेलेलं माणूस मोकळ्या दारातूनही जायला बिचकतं. मग वाटलं, मायसाठी. अंथरुणाला खिळलेल्या आईला टाकून जाववलं नसेल. कधी वाटायचं, पाण्यासाठी दारात उभी राहणारी ती माणसंच तुम्हाला हवीशी झाली होती, आणि हे मला सांगायची लाज वाटत होती. पण सगळ्यांत मागून मनात आलं ते कारण मला झोंबतं. तुम्ही मुंबईला गेलात त्याच्या आदल्याच महिन्यात मी मुख्याध्यापिका झाले होते. शाळेतून आले की मी बडबडत सुटायची आणि तुम्ही ऐकत बसायचात. ती शाळा सोडून मी आले असते. धावत आले असते. पण तुम्हाला ते तसं वाटलं नसेल तर? तुम्ही माझ्यासाठी राहिला असाल तर मूर्तींना सांगितलेलं सगळं खोटं नव्हतं. आणि असं असेल तर तुम्ही मला न विचारताच मला तुमच्या दाराची कडी करून टाकलंत. यावर मला तुमच्याशी कडाकडा भांडायचं होतं. तुमचे पाय धरून रडायचंही होतं. दोन्ही राहिलं.

दवाखान्यात मी ठरवून गेले होते, की आता विचारायचंच. पण तुमचं एकच. "नळ आला का?" लातूरचा नळ, आठवड्यात येईल नाहीतर दहा दिवसांनी. श्वास लागत होता तरी तेच. त्या दिवशी शेजारच्या सुरेखाचा फोन आला, काकू, पाणी आलंय, टाकी भरून घ्या. मी म्हणाले, राहू दे. तुम्ही मास्क बाजूला केलात. "जा. भरून ये. परत कधी येईल सांगता येत नाही." मी रिक्षा करून घरी गेले. टाकी भरली, पिंप भरलं, कळशा भरल्या. शेवटची घागर लावली होती तेव्हा प्रज्ञाचा फोन आला.

त्या पाण्यातलंच आज सकाळपर्यंत वापरलं.

आज दुपारी मूर्तींचा सिंगापूरहून फोन आला. त्यांना उशिरा कळलं. म्हातारपणामुळं आवाज चिरका झालाय, हिंदीत बोलत होते, मधेच रडत होते. तुमच्यासारखा डोक्याचा माणूस त्यांच्या सगळ्या वर्गात नव्हता, म्हणाले. मग म्हणाले, "भाभी, बुरा मत मानना. आपने उस वक्त हां बोला होता, तो..."

तोंडाशी आलं होतं माझ्या. सगळं खरं सांगून टाकावं, की मी तर बस स्टँडवरून येऊन सिंगापूर शोधत होते. प्रज्ञा समोर बसली होती, तिला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. मी अडवलं नव्हतं हे तिला माहीत आहे, मीच सांगितलंय कधीतरी.

"हां भाईसाब," मी म्हणाले. "मैंने ही रोका था उनको."

फोन ठेवला. प्रज्ञा माझ्याकडं बघतच राहिली. "आई, असं का सांगितलंस? बाबा का गेले नव्हते खरं?"

"मला काय विचारतेस?" मी तिच्यावर खेकसले. "जा, आत जाऊन विचार तुझ्या बापाला."

बोलून गेले. आणि तेव्हा कुठं मला कळलं, तुम्ही गेलात.